गच्चीवरचा टॉवर, पेटीतला हापूस आणि लहरींचा हिशेब

ठाण्यात घोडबंदर रोडला राहा किंवा नवी मुंबईत कोपरखैरण्याला, सोसायटीच्या वार्षिक सभेत दोन विषय निघाले की आवाज चढतोच. एक पार्किंग आणि दुसरा गच्चीवरचा मोबाइल टॉवर. पार्किंगचं भांडण निदान डोळ्यांना दिसणाऱ्या जागेवरून असतं. टॉवरचं भांडण न दिसणाऱ्या गोष्टीवरून चालतं. कमिटीला भाड्याचे पैसे दिसतात, वरच्या मजल्यावरच्यांना ‘रेडिएशन’ दिसतं, कुणीतरी व्हॉट्सॲपवर आलेला मेसेज मोठ्याने वाचून दाखवतो, आणि त्याच सभेत मागच्या रांगेतले दोघे-तिघे ‘इथे रेंजच येत नाही हो’ म्हणत फोन खिडकीबाहेर धरून बसलेले असतात.

ही भीती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. मोबाइलची लहर ज्या कुळातली आहे त्याच कुळात एक्स-रे आहेत, गॅमा किरण आहेत, आणि त्यांच्याशी जपूनच वागावं लागतं. पण टीव्हीचा रिमोट त्याच कुळातला आहे आणि देवघरातल्या समईचा उजेडही. त्यामुळे ‘इथे रेडिएशन आहे का?’ असं विचारून काहीच हाती लागत नाही. उत्तर सगळीकडे ‘आहे’ असंच येणार. लहर कोणत्या जातीची आणि ती किती, हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारले की बराचसा गोंधळ मिटतो. या लेखात तेवढंच करायचं आहे.

लहर म्हणजे हलतं तरी काय?

इलेक्ट्रॉनसारखा विजेचा भार असलेला कण एका जागी मागेपुढे झुलायला लागला, की त्याच्याभोवतीचं विद्युत क्षेत्र सारखं बदलत राहतं. बदलत्या विद्युत क्षेत्रातून चुंबकीय क्षेत्र तयार होतं, बदलत्या चुंबकीय क्षेत्रातून पुन्हा विद्युत क्षेत्र, आणि ही जोडगोळी सेकंदाला तीन लाख किलोमीटर वेगाने पुढे सरकत जाते. हीच विद्युतचुंबकीय लहर. तिला हवा लागत नाही, पाणी लागत नाही. सूर्यापासून आपल्यापर्यंतच्या पोकळीतूनही ती येते.

जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी हे १८६५ साली समीकरणांत मांडलं. प्रयोगात ते दाखवलं हाइनरिश हर्ट्झ यांनी, १८८७-८८ च्या सुमाराला. पुढे सातेक वर्षांत जगदीशचंद्र बोस कलकत्त्याला बसून काही मिलिमीटर लांबीच्या लहरी तयार करत होते आणि त्या लहरी भिंतीपलीकडे पाठवून दाखवत होते. ५जीच्या संदर्भात आज ज्या ‘मिलिमीटर वेव्ह’बद्दल बोललं जातं, त्या याच. शाळेत बोसांचं नाव आपण झाडांना संवेदना असतात एवढ्यापुरतंच शिकतो, हे जरा विचित्रच आहे.

एका सेकंदात किती वेळा झुललं, हा आकडा म्हणजे वारंवारता. ती हर्ट्झमध्ये मोजतात. १८०० मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या टॉवरच्या अँटेनात इलेक्ट्रॉन सेकंदाला १८० कोटी वेळा मागेपुढे ढकलले जातात. तिथून निघालेली लहर तुमच्या फोनपर्यंत येते आणि फोनच्या अँटेनातल्या इलेक्ट्रॉनना त्याच तालावर, अगदी हलकंसं, झुलवते. या झुलण्यात केलेले बारीक बदल म्हणजे तुमचा कॉल, तुमचा व्हिडिओ, तुमचं यूपीआय. टॉवर आणि फोन यांच्यात दुसरी कसलीही देवाणघेवाण होत नाही.

लांबी बदलली की स्वभाव बदलतो

एका झोक्यात लहर जेवढं अंतर कापते ती तिची तरंगलांबी. वारंवारता वाढली की लांबी घटते. आकाशवाणीची अस्मिता वाहिनी ५५८ किलोहर्ट्झवर लागते. तिची एकेक लहर जवळजवळ ५४० मीटर लांब. एफएमची सुमारे तीन मीटर. मोबाइलची वीतभर किंवा त्याहून थोडी कमी-जास्त. डिश टीव्हीची अडीच सेंटिमीटर. रिमोटमधून निघणाऱ्या इन्फ्रारेडची एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी. उजेड त्याच्याहून आखूड, अल्ट्राव्हायोलेट आणखी आखूड, आणि एक्स-रे तर अणूच्या आकाराचे. सगळ्यांचा वेग एकच.

लहर कशाला अडेल आणि कशातून निसटेल, हे बरंचसं या लांबीवर ठरतं. मीडियम वेव्हच्या लांबच लांब लहरी टेकड्यांना वळसा घालून पलीकडे जातात. एफएम आणि मोबाइलच्या लहरींना ते तितकं जमत नाही, म्हणून येऊरच्या डोंगराआड गेलं की रेंज लपंडाव खेळते. पारसिकच्या बोगद्यात कॉल तुटतो तेव्हा फोन बिघडलेला नसतो; डोक्यावरच्या खडकाच्या थरातून वीतभर लांबीची लहर आत येऊ शकत नाही. लिफ्टमध्येही तेच, फक्त खडकाऐवजी पत्रा.

जुलैत धो-धो पाऊस लागला की डिश टीव्हीवर ‘सिग्नल उपलब्ध नाही’ अशी पाटी येते. अडीच सेंटिमीटरच्या लहरीला काही मिलिमीटरचे थेंब नगण्य नसतात; ते तिला शोषतात आणि इकडेतिकडे उधळतात. थेंबांचा हाच गुण हवामान खात्याने कामाला लावला आहे. कुलाब्याचं आणि जोगेश्वरीजवळच्या वेरावलीचं डॉपलर रडार पावसाच्या दिशेने लहरी सोडतं, थेंबांवरून परत आलेला अंश मोजतं आणि ढग कुठे आहेत, किती भरलेले आहेत, आपल्याकडे येताहेत की लांब चालले आहेत, ते ओळखतं. तुमची मालिका बंद पाडणारा पाऊस रडारला दिसतो तो या गुणामुळेच.

रिमोटची लहर बघायची असेल तर तो फोनच्या कॅमेऱ्यासमोर, शक्यतो सेल्फी कॅमेऱ्यासमोर, धरून बटण दाबा. पडद्यावर जांभळट ठिपका लुकलुकताना दिसतो. डोळ्यांना न दिसणारं इन्फ्रारेड कॅमेऱ्याच्या चिपला दिसतं. कोविडच्या काळात सोसायटीच्या गेटवर वॉचमन कपाळावर ‘गन’ रोखायचा तेव्हा कितीतरी जण मान मागे घ्यायचे. ती गन काहीच सोडत नव्हती. आपल्याच अंगातून अहोरात्र बाहेर पडणारं इन्फ्रारेड ती मोजत होती.

नाणं केवढं आणि नाणी किती

आता मुख्य मुद्दा. लहर आपली ऊर्जा सलग धारेने देत नाही, सुट्ट्या नाण्यांत देते. १९०५ साली आइन्स्टाइन यांनी हे सांगितलं. ऊर्जेच्या या नाण्याला फोटॉन म्हणतात. वारंवारता जेवढी जास्त तेवढं नाणं मोठं. लहर प्रखर असणं म्हणजे नाणी जास्त; त्याने नाण्याची किंमत वाढत नाही.

ठाणे स्टेशनच्या फलाटावर रंगीत दिवे फिरणारं वजनाचं यंत्र असायचं, ते आठवा. ठरलेलं नाणं टाकलं की खाडकन पुठ्ठ्याचं तिकीट बाहेर. पण त्यात पाच-पाच पैशांची चिल्लर टाकत बसलात तर तिकीट येणार नाही. शंभर टाका, लाख टाका. प्रत्येक नाणं यंत्र एकेकटं तपासतं आणि नाकारतं.

आपल्या पेशींतला डीएनए या बाबतीत त्या यंत्रासारखा आहे. त्याचा रासायनिक बंध तोडायचा तर एकाच फोटॉनमध्ये तेवढी ऊर्जा हवी. ती किंमत अल्ट्राव्हायोलेटच्या पट्ट्यात सुरू होते. त्याच्या वर एक्स-रे आणि गॅमा. त्यांचं नाणं एवढं मोठं की ते अणूतून इलेक्ट्रॉनच बाहेर उडवतं. अशा लहरींना आयनीकारक म्हणतात. जी काळजी घ्यायची ती मुख्यतः इथे.

मोबाइल या रांगेत कुठे बसतो? हिरव्या उजेडाचा फोटॉन घ्या. त्याने डीएनए तुटत नाही. तुटत असता तर बागेत बसणं धोक्याचं झालं असतं. १८०० मेगाहर्ट्झचा फोटॉन त्या हिरव्या फोटॉनच्या तीन लाखाव्या भागाएवढा असतो. टॉवर जवळ आला की ही चिल्लर जास्त पडते, नाणं तेच राहतं.

चिल्लर अगदीच निरुपद्रवी मात्र नाही. पोतंभर ओतली तर यंत्र हादरणारच. लहरींच्या बाबतीत हे हादरणं म्हणजे उष्णता. रेडिओ लहरींचा शरीरावर नीट सिद्ध झालेला परिणाम हाच: पुरेशा प्रखर असल्या तर त्या तापवतात.

हापूसला गॅमा किरण देतात, ते काय?

नाण्याचा आकार आणि नाण्यांची संख्या यांतला फरक समजून घ्यायला नवी मुंबईइतकी चांगली जागा नाही. वाशीला पणन मंडळाचं विकिरण केंद्र आहे. अमेरिकेला जाणारा हापूस तिथे गॅमा किरणांतून काढतात. भारतीय आंब्याला अमेरिकेने कितीतरी वर्षं दार बंद ठेवलं होतं, ते २००७ साली उघडलं, आणि त्याची अट हीच होती. पहिल्या खेपा नाशिक जिल्ह्यातल्या लासलगावच्या केंद्रातून गेल्या होत्या. अमेरिकेला भीती आंब्याची नव्हती, कोयकिड्याची होती. तो बाठ्यात लपून बसतो, वरून दिसत नाही, धुतल्याने जात नाही.

केंद्रात कोबाल्ट-६० असतं. त्याचा गॅमा फोटॉन हिरव्या उजेडाच्या फोटॉनपेक्षा साडेपाच लाख पट मोठा. आंब्याला निदान ४०० ग्रे एवढी मात्रा द्यायची असा नियम आहे. ग्रे म्हणजे किलोमागे एक ज्यूल ऊर्जा; तेव्हा एक किलो आंब्यात ४०० ज्यूल गेले. एवढ्या ऊर्जेने आंबा किती तापतो? एका अंशाचा दहावा भाग. हाताला कळणारसुद्धा नाही. तरी किड्याच्या पेशींतले डीएनए जागोजागी तुटतात आणि त्याची पुढची पिढी होत नाही.

तेवढीच ऊर्जा घरचा ८०० वॅटचा मायक्रोवेव्ह अर्ध्या सेकंदात देतो. अर्धा सेकंद मायक्रोवेव्हमध्ये ठेवल्याने कोयकिड्याचं काय बिघडणार? काही नाही. ऊर्जा दोन्हीकडे सारखी. एकीकडे मोजकी, प्रचंड मोठी नाणी आणि दुसरीकडे अगणित चिल्लर. ‘रेडिएशन’ हा एकच शब्द दोन्हींना लावला की हा फरक दिसेनासा होतो.

मग असा आंबा खाल्ला तर आपल्या अंगात किरण शिरतील का? नाही. कोबाल्टची ऊर्जा आंब्यातल्या अणूंच्या केंद्रकात बदल घडवायला अपुरी पडते, त्यामुळे आंबा किरणोत्सारी होत नाही. आंबा आणि कोबाल्ट एकमेकांना शिवतही नाहीत. कोबाल्ट बंद नळ्यांत असतं. २०२५ च्या मे महिन्यात नवी मुंबईहून गेलेल्या काही खेपा अमेरिकेत अडवल्या गेल्याची बातमी आली होती. तेव्हाचा वाद कागदपत्रांतल्या त्रुटींचा होता. आंब्यात किरण राहिले, असा मुद्दा तिथे कुणीच काढला नव्हता.

याच कोबाल्टच्या गॅमा किरणांनी कर्करोगाच्या गाठीही मारतात. भाभा अणुसंशोधन केंद्राने त्यासाठी भाभाट्रॉन नावाचं भारतीय यंत्र तयार केलं आणि ते आधी बसलं खारघरच्या टाटा स्मारक केंद्राच्या ॲक्ट्रेकमध्ये. पेशी मारण्याची ताकद तीच. नेम तेवढा गाठीवर.

मायक्रोवेव्ह आणि वाय-फाय एकच, मग वाय-फायने आपण शिजत कसे नाही?

शंका रास्त आहे. दोन्ही २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासच चालतात. मायक्रोवेव्हमध्ये पदार्थातले पाण्याचे रेणू त्या क्षेत्राच्या तालावर वळायला बघतात, एकमेकांवर आदळतात आणि पदार्थ तापतो. पण तिथे ७००-८०० वॅट एका पत्र्याच्या पेटीत कोंडलेले असतात. राउटरचा जोर जेमतेम दहाव्या हिश्श्याचा वॅट, आणि तोही घरभर पसरतो. शिवाय मायक्रोवेव्ह बंद केला की लहर संपली. पदार्थात काही ‘उरत’ नाही.

दाराच्या काचेवर जाळी असते ती पाहिलीत? तिची भोकं मिलिमीटर-दोन मिलिमीटरची. बारा सेंटिमीटरची लहर त्यातून बाहेर पडू शकत नाही, पण उजेडाची लहर त्या भोकाच्या मानाने अतिशय आखूड, ती खुशाल निसटते. म्हणून आतला वरण-भात आपल्याला दिसतो आणि आपण तापत नाही. जाळी फाटली किंवा दार नीट बसत नसेल तर मात्र ते यंत्र वापरू नये.

काही जण बंद मायक्रोवेव्हमध्ये फोन ठेवून रिंग देतात आणि ती वाजली की ‘गळतंय’ असं जाहीर करतात. फोन टॉवरच्या सिग्नलचा इतका क्षीण अंशसुद्धा पकडतो, की हजारो पटींनी अडवल्यावर उरलेलंही त्याला पुरतं. त्यावरून गळती ठरत नाही.

टॉवरचं काय?

अंतर दुप्पट झालं की लहरीची प्रखरता चौथाईवर येते, दहापट झालं की शंभराव्या भागावर. टॉवरच्या अँटेनाचा झोत साधारण आडवा, किंचित खाली कललेला असतो. त्यामुळे ज्या इमारतीवर टॉवर आहे तिच्या वरच्या मजल्याला समोरच्या, त्याच उंचीच्या इमारतीपेक्षा बहुधा कमीच पोचतं. मधला काँक्रीटचा स्लॅबही बरंच खातो. सभेत सगळ्यात जास्त तावातावाने बोलणारे नेमके टॉवरच्या खालचे असतात आणि समोरच्या सोसायटीतले निवांत असतात, ही गंमतच.

आकडे बघू. झोताच्या ऐन दिशेला अँटेनाचा परिणाम हजार वॅट इतका धरला, तर पन्नास मीटरवर एका चौरस मीटरला ०.०३ वॅट येतात. १८०० मेगाहर्ट्झसाठी भारतात २०१२ साली ठरलेली मर्यादा सुमारे ०.९ वॅट. दुपारचं ऊन त्याच चौरस मीटरला हजार वॅट देतं. उन्हाची उष्णता कातडीपाशी थांबते आणि रेडिओ लहर काही सेंटिमीटर आत जाते, म्हणून ही तुलना जशीच्या तशी घेऊ नये. पण कशाच्या मानाने किती, याचा अंदाज येतो.

ही मर्यादा आली कुठून? शरीराच्या दर किलोमागे चार वॅट शोषले गेले तर तापमान वाढायला लागून परिणाम दिसू शकतात. त्याला पन्नासने भागून सामान्य माणसांसाठीची आंतरराष्ट्रीय पातळी ठरली, आणि भारताने सप्टेंबर २०१२ पासून टॉवरसाठी त्याचाही दहावा भाग घेतला. नुसतं बसून राहिलेलं माणसाचं शरीर स्वतःच किलोमागे एक वॅटच्या आसपास उष्णता तयार करतं.

आता उलटी बाजू. आपल्याला मिळणाऱ्या लहरींतला मोठा वाटा टॉवरचा नसतो, कानाला लावलेल्या फोनचा असतो. कारण अंतर शून्य. आणि फोन आपला जोर स्वतः ठरवतो. टॉवर जवळ असला, रेंज भरपूर असली की तो अगदी कमी शक्तीत बोलतो. एकच दांडी असली की पूर्ण जोर लावतो, तापतो, बॅटरी भराभर उतरते. म्हणजे टॉवर हटवला की डोक्याशी पोचणाऱ्या लहरी वाढण्याचीच शक्यता जास्त. ज्यांना तरीही काळजी वाटते त्यांच्यासाठी इअरफोन आणि स्पीकर हा खरा उपाय. फोनवर स्टार हॅश शून्य सात हॅश डायल केलं की त्या फोनचा ‘सार’ आकडा दिसतो. डोक्याजवळ किती ऊर्जा शोषली जाते त्याचं ते माप, आणि भारतात ते किलोमागे १.६ वॅटच्या आत असावं लागतं.

आपल्या भागातले टॉवर मर्यादेत आहेत का, हे दूरसंचार विभागाच्या ‘तरंग संचार’ या पोर्टलवर बघता येतं आणि शुल्क भरून प्रत्यक्ष मोजणीही मागवता येते. माझं मत विचाराल तर सभेत भांडायचंच असेल तर भांडण्याजोगे दुसरे मुद्दे आहेत. वाशी-नेरूळच्या जुन्या इमारतींत तीस वर्षं उलटून गेलेल्या कितीतरी आहेत. त्यांच्या गच्चीवर लोखंडी सांगाडा, बॅटऱ्या आणि शेल्टर चढवण्याआधी स्ट्रक्चरल ऑडिट झालं का? वॉटरप्रूफिंगला भोकं पडणार का? वीज गेल्यावर डिझेल जनरेटर लागणार असेल तर त्याचा आवाज आणि धूर कुणाच्या खिडकीत? महापालिकेची परवानगी आहे का? यातलं काहीच अदृश्य नाही.

‘पण जागतिक आरोग्य संघटनेनेच कर्करोगाच्या यादीत टाकलंय ना?’

टाकलंय, हे खरं आहे. संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ साली रेडिओ लहरींना ‘२ब’ गटात ठेवलं. त्या गटाचा अर्थ: कर्करोगाशी संबंध असू शकेल, पुरावा तोकडा आहे. ही यादी पुराव्याची ताकद सांगते, धोक्याचं प्रमाण सांगत नाही. त्याच २ब गटात कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्क आहे. पहिल्या गटात, म्हणजे जिथे संबंध पक्का सिद्ध झाला आहे तिथे, तंबाखू आहे, दारू आहे, ऊन आहे आणि सुपारीही आहे. टॉवरवर तावातावाने बोलताना मध्येच सुपारीचं खांड तोंडात टाकणारे काका प्रत्येक सोसायटीत एक तरी असतात.

त्यानंतर संशोधन थांबलेलं नाही. संघटनेनेच करवून घेतलेला मोठा आढावा २०२४ साली प्रसिद्ध झाला. १९९४ ते २०२२ मधले ६३ अभ्यास त्यात तपासले होते; मोबाइल वापर आणि मेंदूचा कर्करोग यांच्यात संबंध आढळला नाही, दहा वर्षांहून जास्त वापरणाऱ्यांतही नाही. ५जी भारतात सुरू झालं १ ऑक्टोबर २०२२ ला. त्याच्या आधीच, कोविडच्या लाटेत, ‘५जीमुळे माणसं जाताहेत’ असे मेसेज फिरत होते. ५जीच्या लहरी ४जीच्याच शेजारच्या आहेत. २६ गिगाहर्ट्झचा वरचा पट्टासुद्धा उजेडापेक्षा हजारो पटींनी खाली, आणि तो तर भिंतीलाच बराचसा अडतो.

‘चिमण्या गेल्या त्या टॉवरमुळेच’

हे इतक्या वेळा ऐकलं आहे की आता ते सिद्ध झाल्यासारखंच वाटतं. ब्रिटनमध्ये चिमण्या घटायला लागल्या तेव्हा मोबाइल लोकांच्या हातात आलेलेच नव्हते. भारतातल्या पक्ष्यांचा जो देशव्यापी अहवाल २०२० साली आला, त्यात देशभर मिळून चिमणी साधारण टिकून असल्याचं दिसलं. घट होती ती मोठ्या महानगरांत. चिमणीच्या पिल्लांना दाणे नाही, किडे लागतात. कौलं, वळचणी, भिंतीतली भोकं लागतात. काचेच्या दर्शनी भिंती आणि फरसबंद अंगणं यांत दोन्ही नाही. खेड्यांतही टॉवर आहेतच, आणि तिथे चिमण्या आहेत.

हाय टेन्शनच्या तारा

कळवा-ऐरोली पट्ट्यात डोक्यावरून जाणाऱ्या तारांबद्दलही असंच विचारलं जातं. घरगुती विजेची वारंवारता ५० हर्ट्झ, तरंगलांबी सहा हजार किलोमीटर. फोटॉनचा विचारच करायला नको. तारांच्या चुंबकीय क्षेत्राला २००२ साली २ब गटात टाकलं आहे, कारण काही पाहण्यांत लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगाशी अंधुक संख्याशास्त्रीय संबंध दिसला होता. तो का असावा याचं स्पष्टीकरण सापडलेलं नाही. माणसं मरतात ती मात्र वेगळ्याच कारणाने: तारेत अडकलेला पतंग काढताना, गच्चीवर लोखंडी सळई उभी करताना. उच्च दाबाची वीज हवेतूनही उडी मारते, स्पर्श व्हावा लागत नाही.

मग जपायचं कशाला?

अल्ट्राव्हायोलेटला. एप्रिल-मेच्या दुपारी आपल्याकडे यूव्ही निर्देशांक ११ च्या वर जातो, ही सर्वांत तीव्र पायरी. बाइकवरून डिलिव्हरी करणाऱ्या पोरांच्या हातांवर आणि मानेवर ते पडतं, आणि ढगाळ हवेतही बऱ्यापैकी पोचतं. पाण्याच्या फिल्टरमधला दिवा २५४ नॅनोमीटरचा असतो. तो जिवाणूंचा डीएनए बिघडवतो म्हणून पाणी निर्धोक होतं, आणि म्हणूनच झाकण उघडून पेटलेल्या दिव्याकडे बघायचं नसतं. वागळे इस्टेट किंवा रबाळे एमआयडीसीतल्या वेल्डरना हे सांगावं लागत नाही. काळ्या काचेशिवाय दोन मिनिटं ठिणगीकडे बघितलं तर तेव्हा काही वाटत नाही, रात्री डोळे चुरचुरून झोप लागत नाही. गेटच्या वेल्डिंगचं काम चालू असताना पोरं बघत उभी राहतात, त्यांना हटकायला हवं.

दुसरी गोष्ट सीटी स्कॅन. जमिनीतून, हवेतून, अवकाशातून आपल्याला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट एवढी आयनीकारक किरणांची मात्रा मिळतच असते. छातीच्या एका एक्स-रेत तिच्यात ०.१ ची किंवा त्याहूनही कमी भर पडते, तेव्हा त्याची धास्ती नको. पोटाचा सीटी मात्र ८ ते १० च्या घरात जातो. गरज असेल तर तो जीव वाचवतो. ‘होऊन जाऊ दे एकदा’ म्हणून करायची ती तपासणी नव्हे. एमआरआयमध्ये मोठा चुंबक आणि रेडिओ लहरी वापरतात, एक्स-रे नाहीत. सोनोग्राफी तर या कुळातलीच नाही, तो ध्वनी आहे. पोटातल्या बाळासाठी ती वापरतात ते त्यामुळेच.

म्हणून सीटी लिहून दिला की डॉक्टरांना विचारायला संकोच नको: सोनोग्राफी किंवा एमआरआयवर भागेल का, मागच्या महिन्यातली सीडी चालेल का? जुने रिपोर्ट आणि फिल्म घरात एका पिशवीत ठेवले तर निम्म्या वेळा तीच तपासणी पुन्हा करावी लागत नाही. आणि गरोदर असाल, किंवा नुसती शक्यता असेल, तर ते एक्स-रेच्या खिडकीवर नाव नोंदवतानाच सांगायचं, टेबलावर झोपल्यावर नव्हे.